मेंदूतलं एनजीएफ कोण कापतं, कधी कापतं, आणि अल्झायमरमध्ये ते कुठे बिघडतं

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला होता. काकांना अल्झायमरचं निदान होऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून ती हातात येईल ते वाचत असते, त्या दिवशी तिने विचारलं, "अगं, मेंदूतल्या नसा वाढवणारं एक प्रोटीन असतं म्हणे, त्याला नोबेलसुद्धा मिळालंय, मग ते सरळ इंजेक्शनने का देत नाहीत यांना?" मी बायोकेमिस्ट्री शिकवते, पण कुकरच्या शिट्टीत आणि काकांच्या हाकांमध्ये पाच मिनिटांत मी तिला एवढंच सांगू शकले की मावशी, दिलं होतं गं, पण काम झालं नाही. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि उत्तर फार सुंदर आहे, म्हणून ते नीट लिहून काढतेय, तिच्यासाठी आणि घरात असं माणूस असलेल्या सगळ्यांसाठी.

आधी ते प्रोटीन. नाव नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. शोधलं रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी, इटलीतल्या तुरिन शहरातल्या ज्यू बाई. १९३८ मध्ये मुसोलिनीने वंशभेदाचे कायदे केले आणि ज्यू लोकांना युनिव्हर्सिटीत काम करायची बंदी आली, तर या बाईंनी स्वतःच्या बेडरूममध्ये छोटी लॅब थाटली, कोंबडीची अंडी आणायची, आतल्या गर्भातल्या नसा मायक्रोस्कोपखाली बघायच्या, युद्धात बॉम्ब पडायला लागल्यावर हेच काम गावाकडच्या घरात. १९४७ ला त्या अमेरिकेत सेंट लुईसला व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे गेल्या. तिथे लक्षात आलं की उंदराच्या एका ट्यूमरचा तुकडा कोंबडीच्या गर्भाजवळ ठेवला की नसा वेड्यासारख्या त्या ट्यूमरकडे वाढत जातात, म्हणजे ट्यूमरमधून काहीतरी बाहेर पडतंय. मग स्टॅनली कोहेन नावाचे बायोकेमिस्ट त्यांना येऊन मिळाले. ट्यूमरच्या अर्कात काम करणारी गोष्ट प्रोटीन आहे की न्यूक्लिक अॅसिड हे बघायला कोहेननी त्यात सापाचं विष घातलं, कारण विषात न्यूक्लिक अॅसिड तोडणारं एन्झाइम असतं. झालं उलटंच, नसांची वाढ थांबायच्या ऐवजी प्रचंड वाढली, कारण विषातच एनजीएफ ठासून भरलेलं होतं. आणि विषाची ग्रंथी म्हणजे सापाची लाळग्रंथीच की, असा विचार करून त्यांनी उंदराच्या लाळग्रंथीत बघितलं तर तिथेही खजिना. १९८६ चं नोबेल दोघांना मिळालं.

आता यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. उंदराच्या लाळग्रंथीतून एनजीएफ काढलं तर ते एकटं निघत नाही, अल्फा, बीटा, गॅमा अशा तीन भागांचा एक गठ्ठा निघतो. बीटा म्हणजे खरं एनजीएफ. आणि गॅमा? गॅमा एक प्रोटीन कापणारं एन्झाइम आहे, म्हणजे कात्री. वाढवणारा आणि कापणारा एकाच पुडीत बांधलेले. पहिल्यापासूनच.

कापणारं म्हटलं की आपल्याला वाटतं नाश करणारं, पण तसं नाही. घरात कोणाला डायबेटिस असेल तर डॉक्टरांनी कधीतरी सी-पेप्टाइडची टेस्ट लिहून दिली असेल. ते सी-पेप्टाइड म्हणजे काय माहितीये? स्वादुपिंड आधी प्रोइन्सुलिन नावाची एक लांब साखळी बनवतं, मग एन्झाइमं ती दोन ठिकाणी कापतात, मधला तुकडा गळून पडतो आणि उरलेलं असतं ते आपलं इन्सुलिन. गळालेला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड, जेवढं इन्सुलिन तेवढेच तुकडे, म्हणून तो मोजला की शरीर स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय ते कळतं. म्हणजे कात्री चाललीच नाही तर पुरेसं इन्सुलिन तयारच होणार नाही. अशा प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमांना प्रोटिएज म्हणतात, आपल्या शरीरात अशी पाचशेच्या वर आहेत, पचनात आहेत, रक्त गोठण्यात आहेत, गोठलेलं रक्त विरघळवण्यात आहेत, आणि मेंदूत तर भरपूर.

एनजीएफचंही इन्सुलिनसारखंच. न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली चेतापेशी, आधी प्रोएनजीएफ बनवतो, लांब, शेपटीसकट, मग ती शेपटी कापली की छोटं, पिकलेलं एनजीएफ तयार होतं. खूप वर्षं सगळे समजत होते की प्रोएनजीएफ म्हणजे फक्त कच्चा माल, त्याचं स्वतःचं काही काम नाही. २००१ साली बार्बरा हेम्पस्टेड यांच्या ग्रुपने न्यूयॉर्कहून दाखवलं की हे चूक आहे, प्रोएनजीएफला स्वतःचं काम आहे आणि ते एनजीएफच्या बरोब्बर उलट आहे.

ते असं. न्यूरॉनच्या अंगावर एनजीएफसाठी दोन प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारे खाचे, असतात, एक ट्रॅकए आणि दुसरा पी-७५. पिकलेलं एनजीएफ ट्रॅकएला जाऊन बसलं की न्यूरॉनला निरोप मिळतो की जग, फांद्या वाढव, जोडण्या टिकव. न कापलेलं प्रोएनजीएफ मात्र पी-७५ ला घट्ट चिकटतं, त्याच्या जोडीला सॉर्टिलिन नावाचं अजून एक प्रोटीन लागतं हे २००४ मध्ये कळलं, आणि तिथून निरोप जातो तो मरणाचा. एकच प्रोटीन, शेपटी कापलेली असेल तर जगवतं, शेपटी तशीच असेल तर मारू शकतं. म्हणजे न्यूरॉनचं नशीब एनजीएफ किती आहे यावर ठरत नाही, कात्री चालली की नाही यावर ठरतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले होते, खरंच.

आता अल्झायमरकडे. मेंदूच्या तळाशी, पुढच्या बाजूला न्यूरॉन्सचा एक समूह असतो, बेसल फोरब्रेनचे कोलिनर्जिक न्यूरॉन म्हणतात त्यांना, ते अॅसिटिलकोलिन नावाचं रसायन बनवतात आणि त्यांच्या लांब फांद्या वर मेंदूच्या सालीपर्यंत आणि आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसपर्यंत जातात. लक्ष देणं, नवीन गोष्ट लक्षात ठेवणं यात त्यांचा मोठा वाटा. १९८२ च्या सुमाराला स्पष्ट झालं की अल्झायमरच्या रुग्णांमध्ये हे न्यूरॉन मोठ्या प्रमाणात गेलेले असतात. आणि हे न्यूरॉन स्वतःपुरतं एनजीएफ बनवत नाहीत, ते वरच्या सालीत आणि हिप्पोकॅम्पसमध्ये बनतं, फांदीच्या टोकाला ते उचललं जातं आणि त्या लांब फांदीतून उलटा प्रवास करत खाली पेशीच्या शरीरापर्यंत येतं. आपल्याकडे कोकणातली घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायची ना, कमावणारा गिरणीत आणि चूल गावात, तसंच हे. मनीऑर्डर आली तर चूल पेटते.

म्हणून १९९० च्या आसपास सगळ्यांना वाटलं की अल्झायमरमध्ये एनजीएफ कमी पडत असणार. मोजलं. आणि सालीत एनजीएफ कमी नव्हतंच, उलट काही ठिकाणी जास्तच भरलं. खाली बेसल फोरब्रेनमध्ये मात्र कमी. मुंबईत पैसा पडून आहे आणि गावात चूल थंड, हे कसं काय? हे कोडं बरीच वर्षं तसंच राहिलं. उत्तर पुन्हा २००१ मध्येच आलं, कॅनडातल्या मार्गारेट फानस्टॉक यांच्या ग्रुपकडून: माणसाच्या मेंदूत मुळात जे सापडतं ते बहुतांश प्रोएनजीएफ आहे, आणि अल्झायमरमध्ये तेच वाढलेलं असतं. आधीच्या मोजण्याच्या पद्धतींना शेपटीवालं आणि बिनशेपटीचं यातला फरकच कळत नव्हता, दोन्ही मिळून एक आकडा यायचा आणि तो भरपूर दिसायचा. आकडा बरोबर होता पण प्रश्नच अर्धा विचारला गेला होता.

मग पुढचा प्रश्न साहजिक आहे, की कात्री का चालत नाहीये. इथे माँट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीतले क्लाउडिओ कुएलो आणि त्यांचे सहकारी मार्टिन ब्रुनो यांचं २००६ चं काम येतं, आणि इथे मला जरा सावकाश जायचंय कारण सगळा विषय या एका जागेत आहे.

त्यांनी दाखवलं की न्यूरॉन्स उत्तेजित झाले, म्हणजे कामाला लागले, की ते एनजीएफ पिकलेल्या रूपात बाहेर टाकत नाहीत, प्रोएनजीएफ टाकतात. आणि त्याच्याबरोबर कात्र्यांचं अख्खं साहित्यही बाहेर टाकतात. त्यात टीपीए असतं, प्लाझ्मिनोजेन असतं, न्यूरोसर्पिन असतं, एमएमपी-९ असतं आणि टिंप-१ असतं. नावं लक्षात ठेवायची गरज नाही, कोण काय करतं तेवढं बघा. प्लाझ्मिनोजेन म्हणजे म्यानातली कात्री. टीपीए तिला म्यानातून बाहेर काढतं, बाहेर आली की तिचं नाव प्लाझ्मिन, आणि हे प्लाझ्मिन प्रोएनजीएफची शेपटी कापून एनजीएफ बनवतं. (टीपीए हे नाव ऐकल्यासारखं वाटत असेल तर बरोबर आहे, स्ट्रोकच्या पेशंटला पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवायला जे इंजेक्शन देतात तेच हे, शरीर एकच हत्यार दोन अगदी वेगळ्या कामांना वापरतं.) न्यूरोसर्पिन टीपीएला धरून ठेवतं, म्हणजे हा ब्रेक. दुसऱ्या बाजूला एमएमपी-९ ही दुसरी कात्री, ती तयार झालेल्या एनजीएफलाच कापून संपवते, म्हणजे निरोप देऊन झाला की साफसफाई. आणि टिंप-१ हा तिच्यावरचा ब्रेक.

म्हणजे एक कात्री घडवणारी आणि एक संपवणारी, दोघींवर एकेक ब्रेक, आणि हे सगळं पेशीच्या बाहेर, काही क्षणांत, जिथे गरज आहे नेमकं तिथे. उंदीरवर्गातल्या प्राण्यांवर त्यांनी तपासून बघितलं, प्लाझ्मिन अडवलं की प्रोएनजीएफ साचलं, एमएमपी-९ अडवलं की पिकलेलं एनजीएफ जास्त वेळ टिकलं. चित्र स्पष्ट झालं.

अल्झायमरमध्ये मेलेल्या माणसांच्या मेंदूत हेच साहित्य मोजलं तेव्हा काय दिसलं तर प्रोएनजीएफ वाढलेलं, घडवणाऱ्या कात्रीची बाजू कमजोर पडलेली, न्यूरोसर्पिनचा ब्रेक जोरात दाबलेला, आणि संपवणारी एमएमपी-९ मात्र जोमात. म्हणजे दोन्हीकडून मार. एनजीएफ तयार कमी होतंय आणि जे थोडंफार होतंय ते लगेच कापलं जातंय. मनीऑर्डर फॉर्म भरला जात नाही, आणि जी एखादी निघते ती वाटेतच गहाळ. आणि हे अगदी शेवटच्या टप्प्यातच दिसतं असंही नाही, ज्यांना नुसता सौम्य विसर सुरू झाला होता अशा लोकांच्या मेंदूतही एमएमपी-९ चा जोर वाढलेला सापडला. डाउन सिंड्रोममध्येही असंच चित्र आहे, आणि त्याला कारण आहे, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड ज्याच्यापासून बनतं त्या प्रोटीनचा जीन २१ व्या गुणसूत्रावर आहे आणि डाउन सिंड्रोममध्ये ते गुणसूत्र तीनदा असतं, त्या मुलांना चाळिशीनंतर अल्झायमरचा धोका फार मोठा असतो. त्यांच्या आईवडिलांशी याबद्दल कोणी बोलत नाही, बोलायला हवं.

इथे कोणी गैरसमज करून घेऊ नका की मग टीपीएचं इंजेक्शन द्या, अल्झायमर बरा होईल. नाही. ते गुठळी फोडणारं औषध आहे, रक्तस्राव होऊ शकतो, आणि मेंदूत ते जास्त झालं तर न्यूरॉनला इजाही करतं.

इथवर कात्री एनजीएफवर काय करते ते बघितलं. पण संबंध उलट्या दिशेनेही आहे, ग्रोथ फॅक्टर स्वतः कात्र्यांना हुकूम देतो. याचं जुनं उदाहरण पीसी-१२ नावाच्या पेशींचं आहे, उंदीरवर्गातल्या प्राण्याच्या अॅड्रिनल ग्रंथीच्या ट्यूमरमधून १९७६ मध्ये या पेशी वेगळ्या केल्या, एनजीएफ दिलं की त्या गोल पेशींना फांद्या फुटतात आणि त्या न्यूरॉनसारख्या दिसायला लागतात. ही फांदी वाढताना एनजीएफच्या हुकमावरून पेशी एमएमपी-३ नावाची कात्री बनवायला लागते. का? कारण पेशींच्या मधली जागा मोकळी नसते, तिथे जाळं असतं, चिवट, घट्ट, आणि त्यातून वाट काढायची तर पुढे कापत जायला हवं. गर्द करवंदीच्या जाळीतून कोयता चालवत वाट काढतात तसं. म्हणजे वाढ आणि कापणं या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत.

आणि अल्झायमरला थेट जोडणारं उदाहरण म्हणजे अमायलॉइड. सगळ्यांनी ऐकलेलं असतं की अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइडचे गोळे साचतात. हे अमायलॉइड कुठून बाहेरून येत नाही, एपीपी नावाच्या एका रोजच्या प्रोटीनच्या कापण्यातून येतं. एपीपी दोन तऱ्हांनी कापलं जातं. अल्फा-सिक्रिटेज नावाची कात्री, मेंदूत तिचं मुख्य नाव एडॅम-१०, ती अमायलॉइडच्या भागाच्या अगदी मधोमध कापते, म्हणजे अमायलॉइड तयार व्हायची शक्यताच संपते. दुसरी कात्री बेस-१, ती १९९९ मध्ये सापडली, ती अमायलॉइडच्या सुरुवातीच्या टोकाला कापते, मग गॅमा-सिक्रिटेज दुसऱ्या टोकाला कापते आणि अख्खा अमायलॉइडचा तुकडा सुटून बाहेर येतो. कुठली कात्री आधी पोचते यावर सगळं.

आणि ती कुठली पोचणार यात आपले तेच दोन रिसेप्टर हात घालतात. लुईजी पुल्येल्ली यांच्या ग्रुपने २००५-०६ मध्ये दाखवलं की वय वाढतं तसं न्यूरॉनवर ट्रॅकए कमी होत जातं आणि पी-७५ वाढत जातं, आणि पी-७५ कडून जाणारा निरोप सिरामाइड नावाच्या एका स्निग्ध रेणूमार्फत बेस-१ ला टिकवून धरतो, तिचं काम वाढतं, अमायलॉइड जास्त बनतं. ट्रॅकए त्याला लगाम घालतं, पण तेच कमी होत चाललेलं असतं. आता मागचं सगळं जोडून बघा: अमायलॉइडमुळे सूज येते, सुजेमुळे एमएमपी-९ वाढतं आणि एनजीएफ संपतं, प्रोएनजीएफ साचतं, ते पी-७५ वर जाऊन बसतं, पी-७५ च्या निरोपाने बेस-१ वाढतं, त्यामुळे पुन्हा अमायलॉइड. सुरुवात कुठून झाली हे माणसागणिक वेगळं असू शकेल पण एकदा चाक फिरायला लागलं की ते स्वतःला स्वतःच ढकलतं. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या मेंदूत अमायलॉइडचे छोटे गुच्छ सोडले तेव्हा एनजीएफची ही सगळी घडी विस्कटलेली दिसलीसुद्धा.

मग बेस-१ बंदच करून टाकू, असा विचार औषध कंपन्यांनी केला आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. व्हेरुबेसेस्टॅट नावाची गोळी आली, मोठ्या चाचण्या झाल्या, पेशंटमध्ये अमायलॉइड खरोखर कमी झालं, पण २०१७ आणि २०१८ मध्ये चाचण्या थांबवाव्या लागल्या कारण आजारात काही फरक नाही, उलट सुरुवातीच्या टप्प्यातल्या लोकांची विचारशक्ती गोळी न घेणाऱ्यांपेक्षा थोडी वाईटच. त्याच्या आधी गॅमा-सिक्रिटेजवरचं सेमागासेस्टॅट २०१० ला थांबलं होतं, तिथेही लोकांचं बिघडलं आणि शिवाय त्वचेचे कॅन्सर वाढले. असं का झालं असावं? गॅमा-सिक्रिटेज फक्त एपीपी कापत नाही, नॉच नावाचं प्रोटीन कापते जे पेशींच्या वाढीला लागतं. आणि बेस-१ काय कापते तर न्यूरेग्युलिन-१, जो स्वतः एक ग्रोथ फॅक्टर आहे! बेस-१ नसलेल्या उंदरांच्या नसांवरचं मायलिनचं वेष्टण पातळ राहतं हे २००६ मध्येच दिसलं होतं, कारण न्यूरेग्युलिन कापलंच जात नाही. म्हणजे एका जागी त्रास देणारी कात्री दुसऱ्या जागी ग्रोथ फॅक्टर घडवत असते. मला प्रामाणिकपणे वाटतं की या चाचण्यांमध्ये ज्या हजारो पेशंटनी आणि त्यांच्या घरच्यांनी भाग घेतला त्यांच्यामुळे आपल्याला हे कळलं, आणि त्यांचे आभार फारच कमी मानले गेलेत.

आता मावशीचा मूळ प्रश्न. इंजेक्शन का नाही. एक तर एनजीएफ मोठं प्रोटीन आहे, दंडात टोचलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही, मधे रक्त-मेंदू अडसर असतो. म्हणून १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये तीन पेशंटच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीत नळी घालून थेट एनजीएफ सोडलं. त्यांना पाठदुखी सुरू झाली आणि वजन उतरलं, थांबवावं लागलं. कारण एनजीएफ हे वेदना जाणवणाऱ्या नसांनाही जागं करतं, इतकं की पुढे एनजीएफला अडवणारं टॅनेझुमॅब हे सांधेदुखीवरचं औषध म्हणून तपासलं गेलं. म्हणजे ते सगळीकडे सांडून चालत नाही, नेमक्या जागीच हवं.

नेमक्या जागी द्यायचा प्रयत्न कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला मार्क टुझिन्स्की यांनी केला. पेशंटच्याच त्वचेच्या पेशी घ्यायच्या, त्यात एनजीएफचा जीन घालायचा आणि त्या पेशी ऑपरेशन करून बेसल फोरब्रेनमध्ये ठेवायच्या. पहिलं ऑपरेशन २००१ मध्ये, आठ जणांचा निष्कर्ष २००५ मध्ये आला आणि तो आशा वाटावी असा होता. पुढे मेलेल्या पेशंटचे मेंदू तपासले तर त्या आजारी, म्हाताऱ्या न्यूरॉन्सनी एनजीएफच्या दिशेने खरंच नव्या फांद्या काढलेल्या दिसल्या, काहींमध्ये दहा वर्षांनी. हे वाचून मला भरून आलं होतं, इतका आजार होऊनही ते न्यूरॉन वाढायला तयार होते. त्यानंतर त्वचेच्या पेशींऐवजी निरुपद्रवी केलेल्या व्हायरसमधून जीन द्यायची मोठी चाचणी झाली, ४९ पेशंट, २०१८ मध्ये निकाल आला, उपयोग झाला नाही. नंतर मेंदू तपासून कळलं की सोडलेलं एनजीएफ ज्या न्यूरॉन्सपर्यंत जायला हवं होतं तिथपर्यंत नीट पसरलंच नव्हतं. आणि माझ्या मते अजून एक गोष्ट यात मोजायला हवी, जिथे एमएमपी-९ उधळलेलं आहे आणि ट्रॅकए कमी झालंय तिथे नुसतं एनजीएफ वाढवून पुरणार नाही, तिथली कात्र्यांची घडीही सावरावी लागेल.

एनजीएफ औषध म्हणून कुठेच चाललं नाही असं मात्र नाही. डोळ्याच्या बुबुळावरच्या नसा मेल्या की तिथे जखमा होतात आणि भरत नाहीत, त्यासाठी सेनेजर्मिन नावाचे एनजीएफचे थेंब २०१७ मध्ये युरोपात आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. डोळ्यात थेंब नेमक्या जागी पडतो, मेंदूत तसं करता येत नाही, एवढाच फरक, पण तो केवढा मोठा.

मेंदूत ग्रोथ फॅक्टर आणि कात्रीची अशी जोडी फक्त एनजीएफचीच आहे असं नाही. बीडीएनएफ नावाचा त्याचा भाऊ आहे, तोही आधी प्रोबीडीएनएफ असतो, टीपीए आणि प्लाझ्मिनच त्याला कापतात, आणि २००४ मध्ये दिसलं की हे कापणं झालं नाही तर हिप्पोकॅम्पसमध्ये आठवण पक्की करणारी प्रक्रिया टिकतच नाही. आजकाल बीडीएनएफ वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्या ऑनलाइन विकायला असतात, त्यावर पैसे घालवू नका, वाढवायचंच म्हणाल तर चालणं जास्त भरवशाचं, १२० ज्येष्ठ लोकांच्या २०११ मधल्या एका अभ्यासात वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, आणि ज्यांचा जास्त वाढला त्यांच्या रक्तात बीडीएनएफही जास्त वाढलेलं होतं.

आणि प्रोग्रॅन्युलिन, हा फ्रंटोटेंपोरल डिमेन्शियाचा विषय, ज्यात विसरण्याच्या आधी स्वभाव बदलतो, शांत माणूस एकदम कसंही वागायला लागतो आणि घरच्यांना वाटतं हा मुद्दाम करतोय. प्रोग्रॅन्युलिन हाही ग्रोथ फॅक्टरच, त्याच्या जीनच्या दोनपैकी एक प्रत बिघडली तर हा आजार होतो हे २००६ मध्ये सापडलं. हे प्रोटीन पेशीच्या कचराकुंडीत, म्हणजे लायसोसोममध्ये जातं आणि तिथल्या कॅथेप्सिन-डी नावाच्या कात्रीला काम करायला मदत करतं. ते कमी पडलं की कात्री बोथट होते आणि पेशीत कचरा साठत जातो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर तरुण वयातच वेगळा, कचरा साठण्याचाच एक दुर्मिळ आजार होतो. आणि खुद्द कॅथेप्सिन-डीचाच जीन बिघडला तर? त्याच कुटुंबातला आजार, अजून लहान वयात. ग्रोथ फॅक्टर बिघडवा की त्याची कात्री, पेशीच्या आत गोष्ट त्याच गल्लीत जाऊन पोचते.

काल मावशीला परत फोन केला, या वेळी दुपारी, काका झोपलेले असताना. हे सगळं सांगितलं, बराच वेळ लागला, तिने मधेमधे अडवून विचारलंही. शेवटी म्हणाली, "म्हणजे यांना रात्री ती डोनेपेझिलची गोळी देतात, ती या सगळ्यात कुठे बसते?" तर ती गोळी बसते मनीऑर्डरच्या शेवटच्या टोकाला. बेसल फोरब्रेनचे जे न्यूरॉन अजून तग धरून आहेत ते जेवढं अॅसिटिलकोलिन बनवतात तेवढं लवकर मोडून जाऊ नये म्हणून ती एका एन्झाइमला अडवते, म्हणजे आहे तो शिधा जरा जास्त दिवस पुरवते. न्यूरॉन वाचवत नाही, नवीन बनवत नाही, पण उरलेल्यांचं बोलणं थोडं मोठ्याने ऐकू येतं. मावशी म्हणाली, "म्हणूनच सकाळी मला नावाने हाक मारतात बहुतेक." मी म्हटलं, हो मावशी, असेल.